पैनगंगा श्रोता संघ

कौसल्याबाईंच्या घराच्या धाब्यावरून एक बारीक तांब्याची तार निघते आणि घरामागच्या कडुनिंबाच्या फांदीपर्यंत जाते. नवखा पाहुणा तिला कपडे वाळवायची दोरी समजतो. तो ओला टॉवेल घेऊन तिच्याकडे निघाला, की कौसल्याबाई आतून ओरडतात, "राहू द्या भाऊ, राहू द्या! ते माह्या कानाची तार हाय!" पाहुणे ऐकतात. वानरं ऐकत नाहीत. निंबोळ्या पिकल्या की टोळी येते, तारेला लोंबकळते, तार तुटते, आणि कौसल्याबाई ती पुन्हा जोडायला बसतात.

आमचं गाव ढाणकीच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. इथल्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. कौसल्याबाईंची अंगणवाडी माझ्या वर्गाच्या भिंतीला लागून होती. इकडच्या पाढ्यांत तिकडची बडबडगीतं मिसळायची. त्यांची एक सवय मला पहिल्या दिवसापासून आवडली. कोणी बोलायला लागलं, की त्या मान जराशी डावीकडे वळवतात आणि उजवा कान समोरच्याला देतात. लहानपणी डावा कान वाहायचा, तो अधू झाला तो झालाच. पण त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपलं म्हणणं इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

त्यांचं माहेर उमरखेडचं, माणसांनी गजबजलेल्या गल्लीतलं. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. घर वस्तीच्या टोकाला, मागे शेतं, शेतांपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे तांडा. नवरा देवराव ढाणकीच्या एका जिनिंगमध्ये फिटर. सकाळी सायकलवर जायचा तो दिवेलागणीला अंगभर रुई घेऊन परतायचा. घरात दिवसभर सोबतीला सासू, आणि सासूला ऐकू येत नव्हतं. बोलायला आसुसलेल्या त्या मुलीसाठी घरात एकच बोलणारी वस्तू होती, ती म्हणजे देवरावांचा रेडिओ.

एका संध्याकाळी शॉर्टवेव्हवर काटा फिरवताना त्यांना एक बाई हिंदी बोलताना सापडली. हिंदी शुद्ध, पण चाल वेगळी. प्रत्येक वाक्य जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं हळूहळू खाली यायचं. युरोपातल्या एका बर्फाच्या देशाची ती हिंदी सेवा होती. बाईचं नाव इरेना. ती पुस्तकांतून हिंदी शिकली होती, भारत तिने पाहिला नव्हता. दर शुक्रवारी ती श्रोत्यांची पत्रं वाचायची.

कौसल्याबाईंनी पत्र लिहिलं. वाचलं गेलं नाही. दुसरं लिहिलं, तेही नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं, की एकट्यादुकट्या माणसापेक्षा श्रोता संघांची पत्रं आधी वाचतात. म्हणून त्यांनी संघच काढला, पैनगंगा श्रोता संघ. अध्यक्ष देवराव, सचिव कौसल्या, आणि तिसरी सभासद सासू.

"ऐकू येत नाई तिले," देवराव म्हणाले, "अन् श्रोता संघात?"

"सभासद हाय ना. वर्गणी मांगून राह्यली का मी?"

संघाचं पत्र वाचलं गेलं. इरेनाने विचारलं, तुमच्या घराच्या आसपास काय दिसतं? कौसल्याबाईंनी लिहिलं, कापसाची पऱ्हाटी दिसते. दसऱ्यानंतर शेतं पांढरी होतात. इरेना म्हणाली, मी जन्मभर सुती कपडे घालत आले, पण झाडावरचा कापूस कधी पाहिला नाही. मग कौसल्याबाईंनी एक चांगलं फुटलेलं बोंड देठासकट खुडलं, औषधाच्या रिकाम्या डबीत बसवलं आणि ढाणकीच्या पोस्टातून पाठवून दिलं. पोस्टमनने विचारलं, आत काय? त्या म्हणाल्या, "शेत."

ते पोचलं. इरेनाने रेडिओवर सांगितलं, ते बोंड आता स्टुडिओतल्या टेबलावर आहे, माइकच्या शेजारी. बोलताना मी त्याच्याकडे बघून बोलते. त्या रात्री कौसल्याबाई जेवल्या नाहीत. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आनंदानं?" त्या म्हणाल्या, "नाई वो मॅडम. इतक्या दूर कोनीतरी आपल्याकडं पाहून बोलते, हे समजल्यावर पोट भरून येते."

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग तो देशच मोडायला लागला. इरेनाने सांगितलं, खर्च परवडत नाही, हिंदी सेवा बंद होणार. अमुक शुक्रवारी शेवटचं प्रसारण, आणि त्या दिवशी मी तुमचा सगळ्यांचा निरोप घेईन. कौसल्याबाईंचे दिवस भरत आले होते. नेमक्या त्या शुक्रवारी सकाळी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. जीप करून त्यांना उमरखेडला नेलं. संध्याकाळी, इरेना बोलत असेल त्याच सुमाराला मैत्रेयी जन्मली. अध्यक्ष आणि सचिव दोघंही दवाखान्यात. घरी संघाची एकच सभासद हजर होती.

परत आल्यावर त्यांनी रेडिओ लावला तर त्या जागी नुसती खरखर. पुढे कित्येक वर्षं त्या मधूनच ती जागा लावून बघायच्या. इरेना निरोपात काय म्हणाली असेल, याचे त्यांनी मनात किती प्रकार केले असतील कोण जाणे. पोळ्या लाटता लाटता एकदम म्हणायच्या, "तिनं शेवटी नदीचं नाव घेतलं असन का वो?" एखादा माणूस दारात येऊन हाका मारून गेला आणि आपण घरी नव्हतो, तसं ते त्यांना लागून राहिलं होतं. मैत्रेयी मोठी झाली तेव्हा हसत म्हणायची, "आई, माह्यामुळं तुहा निरोप हुकला." कौसल्याबाई म्हणायच्या, "हुकला त हुकला. तू त आली." पण मान तेवढ्यापुरती खाली जायची.

जिनिंग बंद पडलं, सासू वारली, रेडिओच्या सेलला गंज चढला. शॉर्टवेव्हवरची दुकानं एकेक करून उठली. गावात घराघरांत मोबाइल आले. मैत्रेयी नागपूरला इंजिनिअरिंग शिकून पुण्याला नोकरीला लागली. एका सुट्टीत ती आपला जुना लॅपटॉप आणि पेनड्राइव्हएवढं एक डोंगल घेऊन आली.

"आई, याच्यात रेडिओ हाय."

कौसल्याबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "अन् काटा?"

"काटा सॉफ्टवेअरमंधी."

"आता चूल बी सॉफ्टवेअरमंधी देऊन टाका," देवराव ओसरीवरून म्हणाले.

पण तार लावली आणि लॅपटॉपचा पडदा उजळला तेव्हा तेही उठून आले. जुन्या रेडिओत एका वेळी एकच जागा ऐकू यायची. इथे अख्खा पट्टाच डोळ्यांसमोर. वरून खाली रंग झिरपत होते. निळ्या अंगावर जिथे जिथे एखादं स्टेशन असेल तिथे पिवळी उभी रेघ. मैत्रेयीच्या भाषेत त्याला धबधबा म्हणतात. कौसल्याबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे त लुगडं विनून राह्यलं कोनी." त्या दिवसापासून आमच्याकडे त्याला लुगडंच म्हणतात.

अंगणवाडीच्या मुलांसाठी मणी ओवणारे ते हात, त्यांना हे काम जड गेलं नाही. मेलेल्या टीव्हीतून काढलेल्या काळ्या कड्यावर तार गुंडाळून त्यांनी तारेचा आणि डोंगलचा जोड बसवला. वेढे कमी-जास्त करून पाहिले. कधी बिघडलं, कधी सुधारलं. लॅपटॉपचा चार्जर काढला की खरखर निम्मी होते, हे त्यांना चुकतमाकत कळलं. संध्याकाळी चिनी, अरबी, कुठली कुठली बोलणी ऐकत त्या बसायच्या. काही कळत नसे. "कळाले कशाले पाह्यजे?" त्या म्हणायच्या. "कोनी जागं हाय, एवढं समजलं तरी बास." आणि उठण्याआधी एकदा त्या इरेनाच्या जागेवर जायच्या. तिथे लुगडं नुसतं निळं असायचं.

मी सांगतेय ती गोष्ट बोंडअळीच्या सालातली. बाहेरून बोंड टणक, हिरवंगार. फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली सरकी. नोव्हेंबरातच लोकांनी उभी पऱ्हाटी उपटली. कौसल्याबाईंच्या घरामागचं शेत तांड्यावरच्या पूनमसिंगांचं. त्यांनीही पऱ्हाटी काढून हरभरा पेरला. त्या साली घरात येणारं पीक म्हणजे तेवढंच. हरभरा वर आला आणि रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप नाल्यात दिसायला लागले, तेव्हा पूनमसिंगांनी शेताभोवती तार ओढून झटका मशीन बसवली. मशीन टांगली गुरांच्या कोठ्याच्या भिंतीला, कौसल्याबाईंच्या परसाच्या कुंपणाला लागून. वर सोलरची पाटी, खाली बॅटरी. दिवस बुडाला की बटण लावायचं आणि सकाळी काढायचं. तारेतून ठोक्याठोक्याने वीज सुटते; तिला तोंड लावलं की रोही उडी मारून मागे फिरतो, मरत नाही.

डिसेंबरच्या शेवटी मैत्रेयीचा फोन आला. इरेनाच्या स्टेशनातली जुनी माणसं आणि काही रेडिओवेडे मिळून एका संध्याकाळपुरतं प्रक्षेपक भाड्याने घेणार होते. त्यात अर्धा तास हिंदीचा. जानेवारीतला एक शुक्रवार. इरेना अजून आहे, आणि ती स्वतः बोलणार आहे.

कौसल्याबाई फोन ठेवून माझ्याकडे आल्या. सांगताना त्यांना दम लागला होता. "मॅडम, सासूबाई गेल्यापासून संघात एक जागा खाली हाय. तुमी याल का?"

मैत्रेयी म्हणाली होती, आई, घाबरू नको, नाही ऐकू आलं तरी लोक रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकतील. तिला कौसल्याबाईंनी उत्तर दिलं, "तो झाला फोटू. मले भेट पाह्यजे. तिचा आवाज तिथून निंघून माह्या तारीवर आला पाह्यजे."

आणि त्याच आठवड्यात लॅपटॉपमध्ये टिकटिक सुरू झाली. टक्, टक्, टक्. लुगड्यावर या काठापासून त्या काठापर्यंत आडव्या रेघा, जणू कोणी फणी मारतंय. प्रत्येक ठोक्याला आवाज कापला जायचा. कौसल्याबाईंना वाटलं, दोष आपल्याच घरात आहे. त्यांनी बल्ब काढले, फ्रिज बंद केला, देवरावांचा मोबाइल चार्जिंगवरून ओढला. देवराव अंधारात जेवले. "हात तोंडाले सापडते," ते म्हणाले, "पन भाजी कोन्ती हाय ते रेडिओवर सांगसान का?" टिकटिक थांबली नाही. मग त्यांनी काळ्या कड्याचे वेढे उकलून पुन्हा घातले, तार बदलली. शेवटी डोंगलच बिघडलं असं वाटून त्या अगदी खचल्या. बाहेर शोधायचं त्यांच्या मनात आलं नाही. बिघाड असेल तर तो आपलाच, अशी त्यांच्या मनाची ठेवण आहे.

मैत्रेयीने फोनवर विचारलं, टिकटिक दिवसा असते का? नव्हती. दिवस बुडाला की सुरू व्हायची. "मंग खिशातला रेडिओ घे अन् भाइर हिंड. जिकडं आवाज वाढन तिकडं तुहा चोर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. कौसल्याबाईंनी लहान ट्रान्झिस्टर उजव्या कानाला धरला होता. पाणवठ्याकडे गेलो, टिकटिक मंद. शाळेकडे गेलो, आणखी मंद. परसात आलो, वाढली. कुंपणाला लागून चालत गेलो तसा ट्रान्झिस्टर ओरडायलाच लागला. तारेपलीकडे पूनमसिंग उभे होते.

"काय वो कौसल्याबाई, हरभऱ्याले गाने ऐकवून राह्यल्या काय?"

"गाने नाई भाऊ. तुमच्या मशीनची नाडी पाहून राह्यली."

पूनमसिंगांनी सगळी तार फिरून दाखवली. दोन-तीन ठिकाणी पऱ्हाटीचे राहिलेले वाळके फाटे तारेला टेकले होते आणि तिथे बारीक ठिणग्या उडत होत्या. पूनमसिंगांनी बटण काढून ते छाटले. आवाज जरा उतरला. पण टिकटिक होतीच. मशीन म्हटली की ती असणारच. कौसल्याबाईंनी ट्रान्झिस्टर बंद केला.

"चांगली हाय मशीन," त्या म्हणाल्या. "चालू ठेवा, भाऊ."

शुक्रवारचं त्या काही बोलल्या नाहीत. घरी येताना मी म्हटलं, "अर्धा तास बंद ठेवायला सांगायचं होतं."

"दिवेलागणीचा अर्धा घंटा, मॅडम. त्याच टायमाले रोही उतरतात. त्यायच्या घरात यंदा दुसरं काय हाय? माह्या कानाच्या हौशीले मी त्यायचा हरभरा घालू?" मग म्हणाल्या, "टिकटिकीतून जेवढी आयकू येईन तेवढी आयकू."

पण त्या रात्री त्यांनी लॅपटॉप लावला नाही.

पोटात न ठेवणारा माणूस म्हणजे देवराव. चुन्याची डबी मागायच्या निमित्ताने ते तांड्यावर गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी पूनमसिंगांची बायको रुपीबाई दारात. रुपीबाई साठीच्या, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आवाज तीन शेतांवर जाणारा.

"कौसल्या, मी तुही मैतरीन हाय का नाई?"

"हे काय इचारनं झालं?"

"मंग माह्या मशीनचा तुले तरास होते, हे मले या देवराव भाऊकडून काहून समजावं?"

कौसल्याबाईंनी देवरावांकडे पाहिलं. देवरावांनी आढ्याकडे पाहिलं.

"शुक्रवारी अर्धा घंटा बटन बंद. झालं," रुपीबाई म्हणाल्या.

"नाई बाई. रोही घुसले त?"

"मशीन आता आली. तिच्या पयले रोही काय उपास करत होते? माही सासू माळ्यावर बसून डब्बा वाजवे. मग मी वाजवला. अर्ध्या घंट्याची जागल करून हात मोडतात का माहे?"

मागून आलेले पूनमसिंग म्हणाले, "हिचा आवाज असला त डब्बा तरी कायले पाह्यजे?"

"तुमी नाल्याकडं उभं राहा. अन् तोंड बंद ठेवून थाळी वाजवा." मग कौसल्याबाईंकडे वळून, जरा हळू, "माह्या दोन्ही नातवायले तू अंगनवाडीत मांडीवर घेऊन चारलं. मी कधी इचारलं का, तुले हौस होती का काय होतं? फक्त मंग मले सांगजो, ते बाई काय बोलली."

शुक्रवारी सूर्य टेकला तसे तिघं जागेवर गेले. रुपीबाई तेलाचा रिकामा डबा घेऊन कौसल्याबाईंच्या परसाकडच्या बांधावर, पूनमसिंग नाल्याच्या अंगाला, देवराव रस्त्याच्या बाजूला जेवणाची थाळी आणि पळी घेऊन. तीन माणसं, आणि शेताला बाजू चार. चौथीला शेजाऱ्याची उभी तूर होती; तिकडून रोही सहसा येत नाहीत, असं ठरलं. पूनमसिंगांनी बटण काढल्याचं ओरडून सांगितलं. आम्ही घरातले दिवे घालवले. लॅपटॉप बॅटरीवर. तार आत यायची म्हणून खिडकी किलकिली होती. बाहेरून डब्याचा संथ ठेका येत होता.

लुगडं इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग त्या निळ्या, रिकाम्या जागेवर केसासारखी एक उभी रेघ उमटली.

"आली," कौसल्याबाई म्हणाल्या.

आधी धून वाजली, घंटांची, साधीच. पहिल्या तीन सुरांत त्यांनी पदर तोंडावर धरला. मग आवाज आला. म्हातारा, जरा कापरा, पण वाक्यं तशीच पायरी पायरी उतरणारी. "प्यारे श्रोताओ, मैं इरेना." झोक्यावर बसल्यासारखा तो आवाज जवळ यायचा, दूर जायचा, पुन्हा जवळ.

ती म्हणाली, त्या शेवटच्या शुक्रवारी मी निरोपाची चार वाक्यं पाठ करून आले होते. ती बोललेही. नंतर कळलं, की माझी बोलायची पाळी येण्याआधीच कोणीतरी प्रक्षेपक बंद केला होता. मी मुक्या माइकशी बोलत बसले होते. माझा निरोप कोणालाच पोचला नाही.

कौसल्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. "म्हंजे मॅडम, कोनालेच नाई भेटला? म्हंजे मैत्रेयीपायी काही हुकलंच नाई?" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. इतकी वर्षं ज्या क्षणी आपण घरी नव्हतो म्हणून त्या झुरल्या, त्या क्षणी दारात कोणी आलंच नव्हतं.

इरेना म्हणत होती, ती चार वाक्यं अजून पाठ आहेत. आज शेवटी ती म्हणेन. आत्ता माझ्या समोर तुम्ही पाठवलेल्या काही वस्तू मांडल्या आहेत. एक लाकडी हत्ती. एक शंख. आणि देठासकट कापसाचं एक बोंड. कापूस पिवळा पडलाय, पण गळून गेला नाही. भेजनेवाली बहन का नाम अब याद नहीं आता. पैनगंगा याद है.

"कौसल्या," कौसल्याबाई लॅपटॉपला म्हणाल्या.

आवाज दूर गेला, जवळ आला.

"कौसल्या," त्या पुन्हा म्हणाल्या, यावेळी जरा मोठ्याने, सासूशी बोलायच्या तशा.

तेवढ्यात बाहेरचा ठेका मोडला. डबा भराभर वाजायला लागला आणि त्यावर रुपीबाईंची हाळी. "तुरीकडून आले वो! आले, आले!" मग थाळी, पूनमसिंगांचं ओरडणं, धावणाऱ्या खुरांचा आवाज. आणि पुन्हा रुपीबाई, "कौसल्या, तू उठू नको! आमी हाकलतो!"

कौसल्याबाईंचा उजवा कान लॅपटॉपकडे होता. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान फिरवली आणि तो कान खिडकीकडे केला. मग त्या उठल्या. चप्पलही घातली नाही. मागचं दार वाजलं, आणि थोड्याच वेळात लुगड्यावर पहिली आडवी रेघ पडली. टक्. टक्. टक्.

मी एकटी बसून राहिले. ठोक्यांच्या मागे तो म्हातारा आवाज बोलत होता, भिंतीपलीकडे कोणी बोलावं तसा. शेवटाकडे तो सावकाश झाला. मी कान अगदी जवळ नेला. चारांतलं एक वाक्य माझ्या कानी लागलं. मग घंटांची धून, आणि उभी रेघ पुसली गेली.

कौसल्याबाई परत आल्या तेव्हा हरभऱ्याची आंब लागून त्यांच्या पोटऱ्या खाजत होत्या. मागे रुपीबाई, हातात डबा, संतापलेल्या. "बटन काहून लावलं? मी सांगतलं होतं ना, उठू नको!"

"किती खाल्लं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"तुरीकडचा कोपरा गेला. पंधराएक होते. चार घुसले, बाकीचे तारीले लागून पळाले." रुपीबाई खाली बसल्या. "तुही बाई गेली का?"

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बोलली का, मॅडम?"

"बोलली. टिकटिक होती, पण मला एक..."

"नोका सांगू." त्यांनी हात वर केला. "आता नोको."

लॅपटॉपमध्ये ते रेकॉर्ड झालं आहे, टिकटिकीसकट. मैत्रेयीने दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कोणाचं स्वच्छ रेकॉर्डिंगही पाठवलं. कौसल्याबाईंनी ते उघडलं नाही. मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "इतके सालं वाटे, ते निरोप घेऊन गेली. आता समजलं का ते गेलीच नवती. मंग आता निरोप कायले आयकू?"

पण स्टेशनला अहवाल पाठवायचा होता, तो शॉर्टवेव्हचा रिवाज आहे. आवाज किती जोरात, किती स्पष्ट, व्यत्यय कशाचा, हे कळवलं की तिकडून ऐकल्याची खूण म्हणून एक कार्ड येतं. कौसल्याबाईंनी सांगितलं, मी हिंदीत लिहिलं. व्यत्ययाच्या जागी त्यांनी सांगितलं तेच लिहिलं, "पहिल्यांदा तेलाचा डबा आणि थाळी. नंतर झटका मशीन. कारण रोही." खाली त्यांनी स्वतः सही केली, पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत, आणि पुढे, सचिव, पैनगंगा श्रोता संघ. सोबत पाठवायला एक बोंड शोधत त्या दोन दिवस लोकांनी उपटून टाकलेल्या पऱ्हाटीतून हिंडल्या. एकही सापडलं नाही.

"यंदा न किडलेलं बोंड एकच हाय," देवराव म्हणाले, "अन् ते तिच्या टेबलावर."

पाकीट नुसतंच गेलं. कार्ड अजून आलेलं नाही.

रुपीबाई संध्याकाळी मशीनचं बटण लावून परसातूनच आत येतात आणि पाटावर बसतात. कौसल्याबाई ती रिकामी जागा लावून बसलेल्या असतात. लुगड्यावर आडव्या रेघा पडत असतात.

"काय म्हने तुही बाई?"

"अजून बोलून नाई राह्यली."

"मंग माही मशीनच आयक."

"तेच आयकून राह्यली," कौसल्याबाई म्हणतात, आणि चहाचं पाणी ठेवायला उठतात. लॅपटॉप मात्र बंद करत नाहीत.